मोठा पूर येऊन गेला म्हणजे आता घर सेफ? अजिबात नाही

नदीकाठच्या छोट्या गावात, जिथून रोज ट्रेनने शहरात कामाला जाता येतं, तिथे फ्लॅट बघताना हमखास ऐकवतात की शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर मागेच येऊन गेला, आता तुमच्या हयातीत नाही. साफ चुकीचं आहे हे. तसा पूर म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता, आणि गेल्या वर्षी आला म्हणून यंदाची कमी होत नाही, ३० वर्षांचं होम लोन असेल तर तेवढ्या काळात एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते, म्हणजे चारात एक! नदीच्या वरच्या बाजूला काँक्रीट वाढलं की आणखीच. आणि चौथ्या मजल्यावर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका हो, मीटर, पंप, लिफ्टचा खड्डा बहुतेक खालीच असतात, तिथल्या भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ दिसते का ते टोकन द्यायच्या आधी बघा.