तोंडाला मार लागलेल्या मुलाला उताणे निजवून पाणी पाजावे का?

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवात, मूल गच्चीवरून पडून तोंडावर आपटले, की बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मराठी घरांत अजूनही सल्ला मिळतो : उताणे निजवा, घोटभर साखरपाणी पाजा. हे दोन्ही चुकीचे आहे, आणि पहिले तर जिवावर बेतू शकते.

लहान मुलाची श्वासवाट मुळातच अरुंद असते, जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते आणि डोक्याचा मागचा भाग मोठा असल्याने उताणे निजवताच मान पुढे वाकते. त्यातच खालचा जबडा दोन्ही बाजूंनी मोडला असेल, तर जीभ मागे सरकून घसा बंद होऊ शकतो. शुद्धीवर असलेले मूल पुढे वाकून बसू पाहत असेल, तर त्याला तसेच बसू द्यावे, रक्त बाहेर थुंकू द्यावे. बेशुद्ध असून श्वास चालू असेल, तर मान न पिळता डोके व धड एकत्र कुशीवर वळवावे आणि १०८ला फोन करावा.

साखरपाण्याचे म्हणाल, तर अशा मुलाला शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते, आणि भुलीआधी सहा तास उपाशी ठेवले की पोट रिकामे, हा हिशेब येथे लागू पडत नाही, कारण दुखापतीनंतर पचन मंदावते आणि गिळलेले रक्त पोटातच साचते. म्हणूनच भूलतज्ज्ञ अशा मुलाचे पोट भरलेलेच धरतात व शेवटचे खाणे आणि अपघात यांतले अंतर विचारतात (ते खरे सांगावे, आजीने लपवून दिलेल्या बिस्किटासह). कवटीच्या तळाला इजा झाल्याची शंका असल्यास ते नाकातून नळी घालण्याचेही टाळतात.