संमतीपत्रावर सही केली म्हणजे हक्क संपले का?

"ऑपरेशनआधी फॉर्मवर सही केली की पुढे काहीही झालं तरी हॉस्पिटल जबाबदार नाही", हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. बऱ्याच फॉर्मवर तशी ओळ छापलेलीही असते, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिकच आहे.

पण सही म्हणजे नेमकं काय? उपचार कोणता, कशासाठी, धोके काय, दुसरा पर्याय आहे का, हे समजल्यावर रुग्णाने दिलेली परवानगी. पुरेशी काळजी घेऊनही सांगितलेला धोका उद्भवला, तर डॉक्टरांना दोष देता येत नाही. निष्काळजीपणाला मात्र ती परवानगी नसते. पोटात गॉजचा बोळा राहिला, तर ती छापील ओळ कोणाला वाचवत नाही. शिवाय परवानगी त्या उपचारापुरतीच. दुर्बिणीतून तपासायला होकार दिला म्हणून गर्भाशय काढता येत नाही. जिवावरच बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि सही केल्यावरही नको म्हणता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

स्वतः पडताळायचं असेल तर फॉर्मवरची 'शस्त्रक्रियेचे नाव' ही जागा पाहा. रात्री अकराला, स्ट्रेचर हलवायच्या घाईत, ती कोरीही राहते. आधी ती भरून घ्या, मराठीत समजावून मागा. नंतर कागद हवे असतील तर लेखी अर्ज करा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. त्यात सहीचं संमतीपत्रही मागून घ्या.