पणजीचा महापौर आणि लिस्बनचा महापौर: कोविडातल्या दोन निवडणुका आणि एक न सुटणारा घोळ

गोव्यात पालिकेचा विषय निघाला की एकजण तरी म्हणतोच, "पोर्तुगालात बघ, मेयर थेट लोक निवडतात, आमच्याकडे नगरसेवक निवडतात म्हणून हा सगळा घोडेबाजार." आणि लगेच दुसरा, "थेटबीट काय नाय रे, तिथे पण कौन्सिलच असते, सगळीकडे सारखंच." दोघांचं पण चुकतं, आणि मजा म्हणजे दोघेही ठामपणे चुकतात. पहिल्याचा चुलतभाऊ लिस्बनला असतो म्हणून त्याला बोलायचा जास्त अधिकार, एवढाच काय तो फरक.

तुलनेला 2021 हे वर्ष बरं पडतं कारण दोन्हीकडे कोविडातच मतदान झालं. आपल्याकडे पणजी आणि सहा पालिकांचं 20 मार्चला, आणि पोर्तुगालात पूर्ण देशाचं एकाच दिवशी, 26 सप्टेंबरला. 308 कामरा म्हणजे तिथल्या पालिका, आणि त्यांच्या पोटात तीन हजारांवर फ्रेगेझिया, म्हणजे साधारण आपल्या पंचायती, सगळ्यांची एकदम.

आपलं तुम्हाला माहीत आहे, पटकन उरकतो. 13 पालिका आणि एक महापालिका, महापौर फक्त पणजीला, बाकी सगळीकडे नगराध्यक्ष (मडगावच्या नगराध्यक्षाला मेयर म्हणणारे लोक आहेत, त्यांना माझा दुरून नमस्कार). प्रभागातून नगरसेवक येतात, पक्षाची चिन्हं नसतात, पॅनल असतं, आणि पॅनल कुणाचं हे शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं. पणजीत 30 पैकी 25 जागा तेव्हाचे पणजीचे आमदार बाबूश मोन्सेरात यांच्या पॅनलला आल्या, त्यांचे चिरंजीव रोहित महापौर झाले. विशेष म्हणजे पोर्तुगालच्या तेव्हाच्या पंतप्रधानांचं, आंतोनियो कॉश्तांचं, घरातलं नाव पण बाबूशच, मूळ घर मडगावात. त्या वर्षी एका बाबूशच्या पॅनलने पणजी मारली आणि दुसऱ्या बाबूशच्या पक्षाने लिस्बन घालवलं. याचा पुढच्या मुद्द्याशी काही संबंध नाही पण न सांगता राहवत नाही.

कोविडाचा भाग पण थोडक्यातच, कारण त्यात लोक घोळ घालत नाहीत. आपल्याकडे जिल्हा पंचायतीचं मतदान 22 मार्च 2020 ला होतं, तो नेमका जनता कर्फ्यूचा दिवस निघाला, ते ढकलत ढकलत 12 डिसेंबरवर गेलं. पालिकांची मुदत संपली तरी निवडणूक नव्हती, मग ती आली ती आरक्षणाच्या भांडणासकट. हायकोर्टाने पाच पालिकांचं आरक्षण रद्द केलं, मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे आणि सांगे, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 12 मार्चला तिथे आरक्षणाच्या जोडीला भलतीच गोष्ट गाजली, की राज्याच्या कायदा सचिवाकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा ज्यादा चार्ज दिला होता, हे चालणार नाही, सरकारी नोकर हा आयुक्त असू शकत नाही. त्या पाच पालिकांचं मतदान 23 एप्रिलला झालं, दुसरी लाट डोक्यावर असताना. पोर्तुगालात कायद्यातच लिहिलंय की या निवडणुका 22 सप्टेंबर ते 14 ऑक्टोबरच्या मधेच घ्यायच्या, त्या तशा झाल्या, लस बहुतेकांची झालेली होती, आणि जे सक्तीच्या विलगीकरणात होते त्यांच्या दारात पालिकेचे लोक जाऊन आधीच मत घेऊन आले. मतदानाला निम्म्याहून थोडेच जास्त लोक आले, पण तिथे तसंही फार येत नाहीत.

आता मुख्य घोळ.

पोर्तुगालात मतदाराच्या हातात तीन कागद येतात. हिरवा कामराचा, पिवळा आसेंब्लेइया मुनिसिपालचा, पांढरा फ्रेगेझियाचा. पांढरा म्हणजे साधारण आपली पंचायत, सोडून द्या. पिवळा म्हणजे मोठी सभा, जी चर्चा करते, बजेटला हो-नाही म्हणते. आणि हिरवा म्हणजे कारभार करणारं छोटं मंडळ, ज्याच्या डोक्यावर प्रेझिदेंत द कामरा असतो, ज्याला आपण मेयर म्हणतो. इथेच पहिला पाय घसरतो, कारण आपल्या डोक्यात "कौन्सिल" एकच असते, तिथे दोन आहेत आणि मेयर मोठ्या सभेतून येत नाही, हिरव्या कागदातून येतो.

त्या हिरव्या कागदावर माणसाला मत नसतं, यादीला असतं. पक्षाची किंवा आघाडीची यादी, किंवा अपक्ष नागरिकांच्या गटाची (पोर्तोला रुय मोरेइरा असेच अपक्ष यादीवर तीनदा आले). मतांच्या प्रमाणात प्रत्येक यादीला जागा मिळतात आणि, हे नीट वाचा, ज्या यादीला सगळ्यात जास्त मतं तिचा पहिल्या नंबरचा माणूस आपोआप मेयर. बहुमत पाहिजे असं नाही, एका मताने पुढे असला तरी चालतो. दुसरी फेरी नाही. आणि निकालानंतर कुठल्याही सभागृहात "आता मेयर निवडूया" अशी बैठक होत नाही. निवडायचं काही उरलेलंच नसतं.

म्हणजे "थेट" म्हणणारा चुकला, कारण थेट म्हणजे ब्राझील. तिथेही कोविडातच, 2020 ची निवडणूक घटना दुरुस्त करून 4 ऑक्टोबरवरून 15 नोव्हेंबरवर नेली, लोकांनी मशीनवर मेयरच्या उमेदवाराचा नंबर दाबला, नगरसेवकाचा वेगळा दाबला, आणि दोन लाखांवर मतदार असलेल्या शहरात कुणाला निम्म्याहून जास्त मतं नाही मिळाली तर परत 29 तारखेला या. याला थेट म्हणतात. महाराष्ट्रातला थेट नगराध्यक्ष पण या जातीचा, ज्याला सरकार बदललं की काढतात आणि सरकार बदललं की परत आणतात.

आणि "सगळीकडे सारखंच" म्हणणारा जास्त चुकला. आपल्या पद्धतीच्या जवळ कुणी असेल तर ते पोर्तुगाल नाही, फ्रान्स. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनच्या तोंडावर पहिली फेरी, दुसरी थेट 28 जूनला, आणि त्यानंतर निवडून आलेले नगरसेवक बसून मेयर निवडतात. पॅरिसला पण तसंच. चारशे-साडेचारशे वर्षं पोर्तुगीज इथे होते म्हणून आपलं सगळं त्यांच्यासारखं असणार, हा समज पालिकेच्या बाबतीत तरी डोक्यातून काढून टाका. आपला पालिका कायदा 1968 चा, आपला स्वतःचा.

पण फ्रान्समध्ये निवडलेल्या मेयरला नगरसेवक नंतर काढू शकत नाहीत. आपल्याकडे काढतात. हा खरा फरक, बाकीचं सगळं याच्यापुढे किरकोळ आहे.

लिस्बनचंच उदाहरण घ्या, याच्याहून चांगलं सापडणार नाही. 2021 ला लिस्बनच्या कामरात 17 जागा. कार्लुश मोएदाश यांच्या उजव्या आघाडीला 7. आधीचे मेयर फेर्नांदो मेदिना, समाजवादी, त्यांच्या यादीला पण 7. कम्युनिस्टांच्या आघाडीला 2, डाव्या ब्लॉकला 1. आता बोटं मोजा, डावे सगळे मिळून 10, उजवे 7. मेयर कोण? मोएदाश. कारण त्यांच्या यादीला साधारण 2,300 मतं जास्त पडली. संपलं.

हीच बेरीज मडगावला किंवा म्हापशाला आली असती तर काय झालं असतं ते मी सांगायला नको. निकालाच्या रात्रीच दहाजण कुठल्या तरी रिसॉर्टात, फोन बंद, आणि शपथविधीला एकाच गाडीतून. त्यात बेकायदा काही नाही हो, आपल्या कायद्यात नगराध्यक्ष हा निकालानंतर जमलेल्या बेरजेतूनच जन्माला येतो, आणि बेरीज बदलली की जातो. अविश्वास ठराव आणा, बहुमत दाखवा, नवीन माणूस. पणजीत तर महापौराची मुदतच वर्षाची, परत तोच आला तरी निवड परत करायची.

2022 च्या सप्टेंबरात मडगावात काय झालं आठवा. आमदार पक्ष बदलून भाजपात गेले, पालिकेत अविश्वास ठराव आला, नगराध्यक्ष बदलायची वेळ आली, आणि गुप्त मतदानात सत्ताधाऱ्यांचा उमेदवारच पडला, मतं फुटली. मग काय, सरकारने वटहुकूम काढला, यापुढे नगराध्यक्ष हात वर करून निवडायचा, आणि काही दिवसांत नव्या नगराध्यक्षावर पण अविश्वास. मतदारांनी मत दिलं होतं एप्रिल 2021 ला, ते या सगळ्यात कुठे होते ते तुम्हीच शोधा.

लिस्बनला मोएदाशना ते दहाजण काढू शकत नव्हते. मोठी सभा निषेधाचा ठराव करू शकते, पण त्या ठरावाने खुर्ची जात नाही, नुसती बातमी होते. मेयर जातो तो राजीनाम्याने, नाहीतर कोर्टाने पद काढून घेतलं तर, नाहीतर कामरातल्या इतक्या लोकांनी राजीनामे दिले की मंडळच उरत नाही आणि नव्याने निवडणूक लावावी लागते. पण म्हणून मेयर राजा झाला असं समजू नका, लोक इथे उलट्या बाजूला घसरतात. हरलेले दहाजण कामरातच त्याच टेबलाला बसलेले असतात, आणि तिथे मतदान होतं, त्यात मेयर हरू शकतो. आपल्या मंत्रिमंडळात विरोधी पक्षनेता पण बसतो आणि हात वर करतो असं डोळ्यासमोर आणा. मोएदाशचं पहिलं बजेट पास झालं ते समाजवादी तटस्थ राहिले म्हणून. म्हणजे मेयरला रोज अडवता येतं पण बदलता येत नाही, आणि आपल्याकडे रोज अडवायची कुणाला गरजच नसते कारण बदलणं जास्त सोपं आहे.

यादीच्या पद्धतीचं दुसरं टोक पण बघा, म्हणजे पोर्तुगालची आरती ओवाळतोय असं वाटायला नको. 2015 ला कॉश्ता लिस्बनचे मेयर होते, राष्ट्रीय राजकारणासाठी त्यांनी पद सोडलं. पोटनिवडणूक? नाही. यादीतला पुढचा माणूस वर सरकला, तोच मेदिना, मेयर झाला, त्या खुर्चीसाठी त्याच्या नावाने कुणी मत दिलेलं नसताना. याला तुमचा चुलतभाऊ थेट निवडणूक म्हणतो. शिवाय कामराला प्रभाग नसतात, पूर्ण शहराची एक यादी, त्यामुळे "आमच्या वाड्यावरचा नगरसेवक" ही वस्तूच नाही. गटार तुंबलं तर फ्रेगेझियाच्या माणसाला पकडायचं. मला स्वतःला प्रभाग आवडतो. कचऱ्याची गाडी आली नाही तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते कळतं, आणि तो पाच वर्षांनी परत आपल्याच दारात येणार हे त्याला पण कळतं. पण नगराध्यक्षाला निदान पहिली दोन-अडीच वर्षं हात लावता येणार नाही एवढी तरी सोय पाहिजे, याच्यावर मी भांडायला तयार आहे, कुणाशी पण.

किरकोळ फरक एका दमात. तिथे मुदत चार वर्षं, आपल्याकडे मंडळाची पाच. तिथे मेयर एकाच ठिकाणी सलग तीन टर्मपेक्षा जास्त राहू शकत नाही. तिथली कामरा म्हणजे शहर अधिक आजूबाजूचे गाव, आपल्या तालुक्यासारखं, आपल्याकडे पालिकेची हद्द संपली की पंचायत सुरू. तिथे मेयरच्या हातात खराखुरा कारभार असतो, आपल्याकडे फायलीवर सही आयुक्ताची किंवा मुख्याधिकाऱ्याची, महापौर रिबन कापतो आणि शिव्या खातो. आणि दीडशेपर्यंतच मतदार असलेल्या चिमुकल्या फ्रेगेझियात सभागृह निवडतच नाहीत, सगळे मतदार एकत्र बसतात, आपली ग्रामसभा, फक्त लोक खरंच येतात म्हणे.

आणि एक प्रश्न हमखास येतो म्हणून आत्ताच सांगतो. पोर्तुगीज पासपोर्ट काढला म्हणून कामराच्या निवडणुकीत मत मिळत नाही. मडगावला किंवा इंग्लंडातल्या स्विंडनला राहून पोर्तुगालच्या संसदेला मत देता येतं, राष्ट्राध्यक्षाला देता येतं, पण पालिकेला मत द्यायचं तर त्या गावात राहायला पाहिजे आणि तिथल्या यादीत नाव पाहिजे. तेव्हा 2021 ला "आमच्या मतांनी लिस्बन फिरलं" असं स्विंडनमधून कुणी सांगितलं असेल तर त्याला विचारा, हिरवा कागद कुठे भरलास बाबा.