इहराममधील मनाई आणि फिदया

हज किंवा उमऱ्याला (मक्केच्या छोट्या यात्रेला) निघालेला यात्रेकरू मीकात ही ठरलेली हद्द ओलांडण्याआधी इहराम बांधतो, म्हणजे यात्रेच्या पवित्र अवस्थेत शिरतो. तेव्हापासून इहराम उतरेपर्यंत एरवी हलाल असलेल्या काही गोष्टी त्याला मना असतात: केस-नखे कापणे, अत्तर लावणे, जमिनीवरील जनावरांची शिकार, शरीरसंबंध. पुरुषांना शिवलेले कपडे आणि डोके झाकणेही चालत नाही. स्त्रिया नेहमीचे कपडे घालतात, फक्त नकाब बांधत नाहीत. मासेमारीला मात्र कुराणाने मोकळीक दिली आहे (५:९६).

मोडलेल्या नियमाच्या भरपाईचा मूळ आधार सूरह बकरामध्ये (२:१९६) आहे आणि त्यामागचा प्रसंग अगदी साधा आहे. हिजरी ६ मध्ये (इ.स. ६२८) मक्केजवळच्या हुदैबिया येथे काब इब्न उज्रा या सहाबींच्या (पैगंबरांच्या सोबत्याच्या) डोक्यात इतक्या उवा झाल्या की त्या चेहऱ्यावर पडू लागल्या. पैगंबरांनी त्यांना डोके भादरायला सांगितले आणि बदल्यात तीन रोजे, सहा गरिबांना अन्न किंवा एका बकऱ्याची कुर्बानी यांपैकी काहीही निवडायची मुभा दिली. हाच फिदया. शिकारीची भरपाई वेगळी: मारलेल्या जनावराच्या तोडीचे पाळीव जनावर कोणते, हे दोन न्यायी माणसे ठरवतात (५:९५), शहामृगाला उंट, असे जुने निवाडे आहेत.

हनफी आणि शाफई या सुन्नी धर्मशास्त्राच्या दोन परंपरांत खरा मतभेद आहे तो मापांत. हनफी मतानुसार शिवलेला कपडा पूर्ण दिवस किंवा पूर्ण रात्र अंगावर राहिला तर ‘दम’, म्हणजे बकऱ्याची कुर्बानी, लागते. त्याहून कमी वेळाला सदका, म्हणजे दान, पुरतो. डोक्याचा चौथा हिस्सा भादरला तरी दमच. शाफई मतात तीन केस काढले की पूर्ण फिदया. उलट विसरून कपडा घातला किंवा अत्तर लावले तर काहीच नाही. हनफी मतात विसरण्याने गुन्हा माफ होतो, भरपाई नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, तर राज्यातील इतर बहुतेक सुन्नी हनफी. त्यामुळे एकाच विमानातल्या रत्नागिरीच्या आणि मालेगावच्या हाजींना एकाच चुकीसाठी निरनिराळे उत्तर मिळू शकते.

सर्वांत जड चूक शरीरसंबंधाची. अरफातच्या मैदानातील मुक्कामाआधी (हजचा मुख्य विधी) तो घडला तर हज बाद होतो, तरी उरलेले विधी पुरे करावे लागतात, कुर्बानी द्यावी लागते आणि पुढे हज पुन्हा करावा लागतो.

दमाचे जनावर हरमच्या, म्हणजे मक्केभोवतीच्या पवित्र परिसराच्या, हद्दीतच कापले जाते आणि देणाऱ्याने त्याचे मांस खायचे नसते. फिदयाचे रोजे मात्र घरी परतून ठेवले तरी चालतात.