चार ग्रिडचा सांधा : व्हीएचएफ स्पर्धेतल्या फिरत्या स्टेशनांचा वाद कुठून आला

नवापूरहून मलकापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे आपला जुना सहा नंबर, हॅमच्या, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओ स्टेशन चालवणाऱ्यांच्या, नकाशावर वेगळाच दिसतो. त्या नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या चौकटी आखलेल्या असतात; अशी एक चौकट म्हणजे ग्रिड, आणि प्रत्येक ग्रिडला अक्षर-आकड्यांचं नाव असतं. नवापूर एमएल ६१ या ग्रिडमध्ये पडतं. धुळे, पारोळा, एरंडोल एमएल ७० मध्ये. जळगाव शहर २१ अंश अक्षांशाच्या रेषेला अगदी खेटून वसलंय. पुढे भुसावळ, वरणगाव एमएल ७१ मध्ये, मुक्ताईनगर एमएल ८१ मध्ये आणि जिल्हा ओलांडून मलकापूर गाठलं की एमएल ८०. २१ अंश उत्तर आणि ७६ अंश पूर्व या दोन रेषा वरणगाव, बोदवड आणि मुक्ताईनगर यांच्या मधल्या पट्ट्यात एकमेकींना छेदतात. तिथे चार ग्रिड एकाच बिंदूत भेटतात. व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेवर, जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलण्याच्या स्पर्धेत अशाच एखाद्या बिंदूभोवती गाड्या फिरवून गुण मिळवणं योग्य की अयोग्य, यावर अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी वर्षानुवर्षं वाद घातला.

या ग्रिड आल्या युरोपातून. स्टेशनाची जागा सांगायची तिथली जुनी पद्धत युरोपाबाहेर निरुपयोगी होती, कारण तीच अक्षरं दुसरीकडे पुन्हा येत. १९८० मध्ये इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी व्हीएचएफचं काम पाहणाऱ्यांची बैठक झाली आणि जॉन मॉरिस यांनी मांडलेली पद्धत स्वीकारली गेली. एक ग्रिड म्हणजे २ अंश रेखांश आणि १ अंश अक्षांश. आपल्याकडे ती पूर्व-पश्चिम सुमारे २०८ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर १११ किलोमीटर भरते. अमेरिकेत एआरआरएल या हॅम मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेने १९८३ पासून ग्रिड मोजून पुरस्कार द्यायला सुरुवात केली आणि त्याच दशकात स्पर्धांमध्येही ग्रिड हा गुणक झाला. संपर्कांचे गुण आणि वेगवेगळ्या ग्रिडची संख्या यांचा गुणाकार म्हणजे तुमचा स्कोअर.

इथेच गाडीचं महत्त्व वाढलं. व्हीएचएफच्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्याएवढ्याच जातात, थोड्या पुढे. ज्या ग्रिडमध्ये एकही हॅम राहत नाही, ती कोणालाच मिळत नाही. मग कोणीतरी गाडीवर अँटेना चढवून तिथे गेलं पाहिजे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एआरआरएलने यासाठी ‘रोव्हर’, म्हणजे फिरतं स्टेशन, हा वेगळा गट केला. रोव्हरला दोन सवलती मिळाल्या. नव्या ग्रिडमध्ये शिरलं की आधी बोललेल्या स्टेशनाशी पुन्हा संपर्क धरता येतो, आणि जितक्या ग्रिडमधून तो चालवतो तितके जादा गुणक मिळतात. अट एकच कडक होती: रिग (रेडिओ संच), वीजपुरवठा, अँटेना सगळं त्याच गाडीतून न्यायचं. डोंगरावर आधीच जनरेटर ठेवून यायचं नाही.

मला रोव्हरचं हे मूळ रूप मनापासून आवडतं. टपावर सहा मीटर बँडचा (बँड म्हणजे वारंवारतेचा पट्टा, इथे ५० मेगाहर्ट्झचा) लूप अँटेना, मागे घडीच्या मास्टवर (खांबावर) दोन मीटर आणि सत्तर सेंटीमीटर बँडच्या यागी, म्हणजे एका दिशेला रोखायच्या अँटेना, बाजूच्या सीटवर लॅपटॉप, डॅशबोर्डवर जीपीएस. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, मास्ट उभा करायचा, अँटेना हाताने फिरवायची आणि अर्ध्या तासात आवरून पुढच्या ग्रिडकडे निघायचं. छोट्या गावात एक रिग घेऊन बसलेल्या हॅमला त्या दिवसातली एकमेव नवी ग्रिड अशाच एखाद्या गाडीमुळे मिळते.

पण नियमांतल्या गणिताला दुसरीही वाट होती. समजा, दहा-दहा बँडचं सामान असलेल्या दोन गाड्या चार ग्रिडच्या सांध्यावर आल्या. पहिली एका ग्रिडमध्ये थांबली, दुसरी चारही ग्रिडमधून फिरून आली. मग पहिलीने ग्रिड बदलली आणि दुसरी पुन्हा फिरली. चार गुणिले चार म्हणजे १६ जोड्या, प्रत्येक जोडीत १० बँड, म्हणजे १६० संपर्क. सगळे दोन-चार किलोमीटरच्या आत. त्यात वरच्या मायक्रोवेव्ह बँडवर एका संपर्काला गुणही जास्त. गाड्या तीन-चार झाल्या की आकडे असे फुगतात की दोन दिवस एकट्याने डोंगर पालथे घालणारा रोव्हर यादीत कुठेच दिसत नाही. नियम मोडलेला नसतो, तरी बाकीच्यांना त्या गाड्यांचा आवाजसुद्धा ऐकू आलेला नसतो. दुसरी तक्रार ‘बांधील’ रोव्हरांबद्दल होती: एखाद्या मोठ्या स्टेशनाने गाडीत सामान भरून द्यायचं आणि त्या गाडीने फक्त त्याच स्टेशनाशी बोलायचं.

समर्थकांचं म्हणणंही पोकळ नव्हतं. मायक्रोवेव्हचं सामान स्वतः जुळवणं, चार गाड्यांचं वेळापत्रक सांभाळणं हे कौशल्याचंच काम आहे. शिवाय त्या बँडवर बोलायला दुसरं कोणी नसेल तर माणूस जोडीदार सोबत नेणारच. तरीही माझं मत विरोधकांच्या बाजूने झुकतं. ज्या गटाला जादा सवलत दिली ती इतरांना नव्या ग्रिड मिळाव्यात म्हणून दिली. इतरांना त्यातून काहीच मिळणार नसेल, तर त्या सवलतीला आधार उरत नाही.

२००८ मध्ये एआरआरएलने रोव्हरचे तीन गट केले. नेहमीच्या रोव्हरवर कोणत्याही एका रोव्हरशी जास्तीत जास्त १०० संपर्कांची मर्यादा आली. वरचं १६० चं गणित पाहिलं की हा आकडा कुठे बोट ठेवतो ते कळतं. ‘मर्यादित’ गटात चारच बँड आणि कमी पॉवर. ‘अमर्यादित’ गटाला १०० ची अट नाही, पण त्याचा स्कोअर क्लबच्या खात्यात जमा होत नाही. म्हणजे टोळीने फिरणाऱ्यांवर बंदी घातली नाही, त्यांची रांग वेगळी केली. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो.

युरोपात हा वाद असा पेटलाच नाही. तिथल्या मोठ्या व्हीएचएफ स्पर्धांत दर किलोमीटरला एक गुण मिळतो आणि पूर्ण स्पर्धा एकाच जागेवरून खेळावी लागते. लबाडीला वाव नाही, पण रोव्हरलाही नाही.

२०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांचा एफटी८ हा संगणकावरून संदेश पाठवायचा प्रकार आला आणि जुन्या भांडणाला नवा पदर जोडला गेला. आवाजावर दहा सेकंदांत उरकणारा संपर्क एफटी८ वर मिनिटभर किंवा जास्त घेतो, कारण प्रत्येक प्रसारण १५ सेकंदांच्या खाचेत बसवलेलं असतं. क्षीण सिग्नल पकडण्यात त्याला तोड नाही. पण एका ग्रिडमध्ये वीसच मिनिटं थांबणाऱ्या रोव्हरचं गणित त्याने कोलमडतं, आणि ५० मेगाहर्ट्झवर स्क्रीनसमोर बसलेली माणसं वरच्या बँडवर यायला राजी होत नाहीत.

खानदेशात कोणी व्हीएचएफ स्पर्धा भरवणार असेल तर हा इतिहास आधी वाचावा, कारण तो सांधा आपल्या दारात, महामार्गापासून काही किलोमीटरवर आहे. इथे बहुतेकांकडे दोन मीटरचे हँडसेट, फार तर सत्तर सेंटीमीटर. दोनच बँड धरले तरी दोन गाड्या एका दुपारात ३२ संपर्क करतील आणि धुळ्यात ते कोणालाही ऐकू जाणार नाहीत. तेच गुण किलोमीटरवर दिले तर? त्या ३२ संपर्कांचे पन्नास-साठ गुण होतील, आणि धुळे-जळगाव हा एकच संपर्क, हवाई अंतराने, सुमारे ८३ गुणांचा होईल. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. पठाराच्या दक्षिण कडेवरून खालच्या तापी खोऱ्यात रेडिओचं क्षितिज सुमारे १२० किलोमीटरवर जातं आणि धुळे त्याच्या आत येतं. म्हणून माझं म्हणणं असं: रोव्हरला फिरू द्यावं, ग्रिड बदलल्यावर पुन्हा संपर्कही धरू द्यावा, मात्र गुण अंतराचे असावेत आणि पाच किलोमीटरच्या आतला संपर्क शून्य धरावा. गाडीतून स्टेशन चालवण्याआधी प्रत्येकाने आपल्या परवान्यातल्या अटी पाहून घ्याव्यात, आणि नियमांचा कागद पहिल्या स्पर्धेच्या महिनाभर आधी सगळ्यांच्या हातात पडावा.