चित्र आधी की आवाज आधी?

'बेन टेन' या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या दहा वर्षांच्या बेनचा आवाज एका बाईचा आहे, हे कळलं की ऐकणारा आधी चकित होतो आणि मग हमखास विचारतो, "म्हणजे तिने डबिंग केलं ना?"

नाही केलं. निदान बेनसाठी तरी नाही. आपण मराठीत सरसकट 'आवाज दिला' म्हणून मोकळे होतो, पण त्या दोन शब्दांत दोन वेगळी कामं दडलेली असतात: मूळ आवाज आणि डबिंग. ती नीट कळायला तारा स्ट्राँगसारखं उदाहरण नाही, कारण तिने दोन्ही केली आहेत. १९७३ साली टोरांटोत जन्मलेली ही कॅनेडियन अभिनेत्री. तिकडच्या मालिकांत पडद्यावर दिसली, १९९४ मध्ये लॉस एंजेलिसला गेली आणि तिथे बहुतेक माइकसमोरच रमली. 'पॉवरपफ गर्ल्स'मधली बबल्स, 'टीन टायटन्स'मधली रेव्हन आणि २००५ चा बेन, तिघंही तिचीच.

या तिघांसाठी ती स्टुडिओत गेली तेव्हा समोर हलणारं चित्र नव्हतं. पात्राची रेखाटनं, संवादांचे कागद आणि काचेपलीकडे बसलेला दिग्दर्शक, एवढ्यावरच काम. एक वाक्य चार-पाच तऱ्हांनी म्हणायचं, त्यातलं एक निवडलं जातं आणि त्यावरून चित्रकार ओठ, भुवया, खांदे काढत बसतात. तिने वाक्याच्या मध्येच श्वास घेतला, तर बेनही तिथेच श्वास घेणार. पडणं, धापा टाकणं, मार खाल्ल्याचं विव्हळणं असले घसा फाडणारे प्रकार सहसा शेवटाला ठेवतात, नाहीतर पुढच्या संवादांना गळाच उरायचा नाही. तोंड कोरडं पडून जिभेचे चटचट आवाज माइकमध्ये जाऊ नयेत म्हणून या धंद्यातले बरेच जण मध्ये हिरवं सफरचंद खातात.

आणि बाईच का? तर पोराचा आवाज वयात येताना फुटतो, बाईचा फुटत नाही. २००८ मध्ये बेन पंधरा वर्षांचा दाखवला, तेव्हा त्याचा आवाज युरी लोवेन्थल या पुरुष नटाकडे गेला. २०१६ मध्ये गोष्ट पुन्हा दहा वर्षांच्या बेनवर आली आणि ताराही परत आली.

आता डबिंग. इथे चित्र तयार असतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. कानात मूळ भाषेतला आवाज, समोर पडदा, तीन बीप वाजतात आणि चौथ्याच्या जागी तोंड उघडायचं. ओठ मिटतील तिथे आपलेही मिटायला हवेत. एक साधं उदाहरण घ्या. पडद्यावर पोरगं मोठ्या क्लोजअपमध्ये 'मॉम' म्हणतंय. 'म'साठी ओठ सुरुवातीला मिटतात, शेवटी पुन्हा मिटतात. मराठीत तिथे 'आई' टाकून बघा. ओठ एकदाही मिटत नाहीत! शब्द अगदी बरोबर आणि तरीही जागेवर बसत नाही. म्हणून डबिंगचा लेखक नुसता भाषांतरकार असून भागत नाही. त्याला ओठही वाचता यावे लागतात. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर जो हिंदी बोलणारा बेन ऐकला, तो असा तयार झालेला. तो डबिंगचा, ताराचा मूळचा.

तारा मात्र या दुसऱ्या खुर्चीतही बसली आहे. 'स्पिरिटेड अवे' या जपानी चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीत बो नावाचं ते अवाढव्य, हट्टी बाळ तिच्या आवाजात बोलतं. आणि 'प्रिन्सेस मोनोनोके'मध्ये नायक गाव सोडतो तेव्हा त्याला निरोप द्यायला येणारी काया. ही काया मला फार महत्त्वाची वाटते. मूळ जपानीत काया आणि नायिका सान या दोघींनाही युरिको इशिदा या एकाच अभिनेत्रीचा आवाज आहे. मागे राहिलेली मुलगी आणि पुढे भेटणारी मुलगी एकाच गळ्यातून बोलतात, हे जपानी प्रेक्षकाच्या कानावर कुठेतरी पडत असणार. इंग्रजीत सान क्लेअर डेन्सकडे गेली, काया ताराकडे. दोघींची कामं उत्तम, पण तो धागा सुटला. डबिंगमध्ये काय हरवतं म्हणाल, तर शब्दांपेक्षा असलं काहीतरी.

बरं, 'मूळ म्हणजे आवाज आधी' हे सूत्रही जपानला लावू नका. तिथे मूळ जपानी आवाजही बहुधा चित्र पाहूनच भरतात, मग ते अर्धवट रेखाटलेलं का असेना. उलट बाजूने, अमेरिकन कार्टूनमध्येही चित्र झाल्यावर एखादी ओळ बदलली की नटाला परत बोलावतात, आणि तेवढ्यापुरतं मूळ कामच डबिंगसारखं होतं. लहानपणी टोरांटोच्या यिडिश, म्हणजे ज्यूंच्या एका भाषेतल्या, नाटकात तारा ती भाषा येत नसताना नुसत्या उच्चारांवरून संवाद पाठ करायची. दुसऱ्याच्या लयीत तोंड बसवायची ती तालीमच म्हणायची.

जाता जाता अजून एक गफलत. 'माय लिटल पोनी'मधली ट्वायलाइट स्पार्कल बोलते ताराच्या आवाजात, गाते मात्र रिबेका शोइकेटच्या. लता-आशा ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय!

मूळ आवाज कायमचा असतो असंही नाही. 'फेअरली ऑडपेरेंट्स'च्या सुरुवातीच्या छोट्या भागांत त्यातला नायक टिमी याचा आवाज मेरी के बर्गमनचा होता. १९९९ मध्ये ती गेली आणि २००१ च्या मालिकेत टिमी ताराकडे आला. बबल्सच्या बाबतीत उलट झालं. २०१६ मध्ये 'पॉवरपफ गर्ल्स' नव्याने काढली तेव्हा तिन्ही मुलींना नवे आवाज मिळाले. जुन्या चाहत्यांना तो आवाज परका वाटला, पण त्यालाही डबिंग म्हणता येणार नाही. त्या मालिकेची चित्रंही नवीनच होती.