काळे इस्रायल आणि गोरे इस्रायल
बेने इस्रायल हा कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज. त्याच्यात पूर्वी दोन गट होते, गोरे आणि काळे. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचे शुद्ध वंशज ते गोरे, आणि ज्यांच्या घराण्यात बाहेरची, म्हणजे ज्यू नसलेली बाई आली त्यांची पोरं काळे, असं मानायचे. नाव रंगाचं, पण खरं भांडण रक्ताचं. प्रार्थना एकाच सिनेगॉगमध्ये व्हायची, पण सोयरीक नाही, जेवायची पंगतही वेगळी. तेल गाळणारे हे लोक, शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद म्हणून गावाने ज्यांना शनिवार तेली म्हटलं त्यांनी आजूबाजूची जातच घरात घेतली असं मला वाटतं. विसाव्या शतकात हे हळूहळू मागे पडलं.

पण मुंबईत बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंनी हाच संशय सगळ्या बेने इस्रायलींवर घेतला, तुम्ही काळे, तुमचं रक्त मिसळलेलं, इतकं की दफनभूमीतसुद्धा मध्ये भिंत हवी म्हणून १८३६ साली अर्ज केला होता, मेल्यावरही शेजार नको!

१९४८ नंतर पेणकर, दिवेकर, अष्टमकर अशी आडनावं घेऊन लोक इस्रायलला जायला लागले. वाट्याला आली बीरशेबा, दिमोना, लोद अशी गावं, आणि रंगावरून कमी लेखणं तिथेही होतंच. १९५१ मध्ये बीरशेबाच्या काही लोकांनी तेल अवीवला धरणं धरलं की आम्हाला परत भारतात पाठवा, आणि त्यातले काही पुढच्या वर्षी खरंच परत आले. नंतर त्यांच्यातलेच बरेच जण पुन्हा इस्रायलला गेले, म्हणजे धड इकडचे नाहीत धड तिकडचे नाहीत.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते १९६२ चं. बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल तर आई, आजी, जमेल तितकं मागे जाऊन घराण्यात कोणी परकं आहे का ते तपासा, असा इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या कार्यालयाचा नियम आला. काळ्यांना कोकणात जे विचारलं जायचं तेच आता गोऱ्यांनाही. लोक रस्त्यावर उतरले, १९६४ मध्ये जेरुसलेमला मोठं आंदोलन झालं, शेवटी संसदेने ठराव केला की हे सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत आणि रब्बींना नियमातून समाजाचं नाव काढावं लागलं.

आता तिकडची नवी पिढी हिब्रू बोलते. नवस फेडायला मलिदा मात्र अजून होतो, पोहे, ओलं खोबरं, साखर नि फळं घालून, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने.